तोंडीचे वीस गुण

दिवेआगरात राहून कुणाचं इंग्रजीवाचून अडत नाही. उतरायला येणारा पाहुणा पुण्याचा असतो नाहीतर मुंबईचा. मोदक मराठीत मागतो, खोलीचं भाडं हिंदीत कमी करून घेतो. सुपारीचा व्यापारी इंग्रजी बोलत नाही, होडीवरचा तांडेल बोलत नाही. रूपनारायणाच्या देवळात लागत नाही, बोर्लीच्या बाजारात लागत नाही. इथं इंग्रजी लागतं ते गाव सोडताना.

आणि गाव सोडणं ही इथं हौस नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि पिढ्यांच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालायचं? पर्यटक शनिवार-रविवार येतो, पावसाळ्यात तोही आटतो. म्हणून मुलगा दहावीला बसला की घरात तीनच गोष्टी निघतात: मुंबई, जहाज, गल्फ. तिन्ही दारांवर इंग्रजीचा पहारा आहे.

या मुलाला कुठलं इंग्रजी यायला हवं, किती यायला हवं, कधीपर्यंत यायला हवं, हे त्याचे गुरुजी ठरवत नाहीत. ते दिल्लीतलं परराष्ट्र खातं ठरवतं, लंडनचं गृहखातं ठरवतं, कॅनडाचं स्थलांतर खातं ठरवतं. परीक्षा लावायला सगळे पुढं. शिकवायला कुणी नाही. हे मी रागानं लिहितोय आणि राग लपवायचा मला काही कारण दिसत नाही.

गल्फपासून सुरुवात करू, कारण श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मोहल्ल्यांत आणि आता वाड्यांतही तो रस्ता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 1983 चा उत्प्रवासन कायदा सांगतो की कमी शिकलेला माणूस ठरावीक देशांत कामाला जाणार असेल तर सरकारनं आधी त्याची कागदपत्रं तपासायची, मग परवानगी द्यायची. आज त्या यादीत 18 देश आहेत. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन हे त्यातले आपले. दहावी नापास असेल त्याच्या पासपोर्टावर ‘ईसीआर’, म्हणजे परवानगी लागेल असा शेरा येतो. दहावी पास झाला की तो येत नाही. त्या कोऱ्या पासपोर्टाला लोक अजून ‘ईसीएनआर’च म्हणतात आणि एजंट पहिला प्रश्न तोच विचारतो. बाईच्या बाबतीत नियम आणखी कडक आहे. ईसीआर पासपोर्ट असलेल्या तीस वर्षांखालच्या बाईला या देशांत कामाला जायची परवानगीच मिळत नाही.

कायद्यामागचा हेतू चांगला आहे, हे मी मान्य करतो. फसवला जाणारा माणूस बहुधा न शिकलेला असतो, त्याला आधार हवा. पण या नियमाच्या पोटात एक गृहीत बसलंय. दहावी पास झालेल्याला आपला करार वाचता येतो, म्हणून त्याची काळजी करायला नको, असं सरकार धरून चालतं. मग हा करार असतो कुठल्या भाषेत? बहुतेक ठिकाणी अरबीत आणि इंग्रजीत. अमिरातीनं 2016 पासून एवढी सुधारणा केली की नोकरीचा देकार कामगाराला कळेल अशा भाषेतही द्यायचा. त्यासाठी अकरा भाषांची यादी केली. हिंदी आहे, उर्दू आहे, मल्याळम, तमिळ, बंगाली आहेत. मराठी नाही. म्हणजे मराठी शाळेतून दहावी झालेला आमचा पोरगा हिंदीवर भागवतो किंवा इंग्रजीकडे बघत बसतो. मूळ पगार किती, राहण्याचा भत्ता त्यात धरलाय की वेगळा, ओव्हरटाइम कसा मोजतात, मुदतीआधी सोडलं तर तिकीट कुणाचं, हे सगळं त्या दोन-तीन पानांत लिहिलेलं असतं. तो शेवटच्या पानावर सही करतो.

दहावीच्या इंग्रजीनं त्याला हे वाचायला शिकवलं का?

गुणांचा हिशेब बघा. पेपर 80 चा, तोंडी नि अंतर्गत 20, पास व्हायला 35. तोंडीचे वीस शाळेच्या हातात. बहुतेक शाळा ते भरभरून देतात, कारण न दिले तर निकाल पडतो आणि निकाल पडला तर मुख्याध्यापकाला जाब द्यावा लागतो. मग लेखीत पंधरा-सोळा गुणांची सोय झाली की काम झालं. 2019 साली मंडळानं भाषा विषयांचे हे अंतर्गत गुण काढून टाकून पाहिले. आदल्या वर्षी 89.41 टक्के लागलेला राज्याचा निकाल 77.10 वर आला. केवढा गदारोळ झाला! पुढच्याच वर्षी गुण परत आले आणि निकाल 95.30 वर गेला. त्या गदारोळात पालक ओरडले, शिक्षक ओरडले, पुढारी ओरडले. पण बारा टक्के मुलं एका झटक्यात खाली का आली, त्यांना दहा वर्षं काय शिकवत होतो, हे विचारायची वेळ कुणालाच नव्हती. गुण परत दिले, प्रश्न मिटला.

मुलाला शाळेत इंग्रजी बोलायला लावणारी जागा एकच, ती म्हणजे तोंडी परीक्षा. तीच आपण फुकट वाटून टाकली. माझा शिक्षकांवर राग नाही. साठ मुलांची तोंडी दोन दिवसांत उरकायची आणि वर निकालही राखायचा, हे ज्याच्यावर लादलं जातं तो आणखी काय करणार? राग आहे तो त्या वीस गुणांवर पासपोर्टाचा नियम उभा करणाऱ्या दिल्लीवर. परराष्ट्र खात्यानं दहावीचा दाखला हा समजुतीचा पुरावा मानला, शिक्षण खात्यानं तोच दाखला निकालाचा आकडा मानला, आणि दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही की या कागदामागं नक्की आहे काय.

जहाजाचं दार त्या मानानं सरळ आहे. जीपी रेटिंगच्या, म्हणजे खलाशाच्या कोर्सला बसायचं तर जहाज वाहतुकीचं खातं, डीजी शिपिंग, दहावी किंवा बारावीला इंग्रजीत 40 टक्के मागतं. मागावेच. जहाजावर आग लागली तर हुकूम इंग्रजीतच येणार. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं 2001 साली जहाजावरच्या कामाची इंग्रजी वाक्यं ठरवून दिली आहेत आणि जगभरचे खलाशी ती शिकतात. पण या किनाऱ्यावरच्या माध्यमिक शाळेत अशा एका वाक्याचाही धडा नाही. ज्या तालुक्यातली मुलं दर वर्षी समुद्रावर जायचं म्हणतात, तिथल्या नववीला समुद्रावरचं इंग्रजी शिकवायला कुणाची परवानगी लागते? लागत असेल तर ती मागू या.

भाषेचा हा पहारा आजचा नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तेव्हाच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून, जंजिऱ्याच्या हबसाणातून कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला जात. त्यांचे वंशज आजही तिथं आहेत आणि स्वतःला कोकणीच म्हणवतात. 1902 साली केप वसाहतीनं स्थलांतराचा कायदा केला. उतरणाऱ्या माणसानं युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतःच्या हातानं अर्ज लिहून सही करायची. नाही जमलं तर परत जा. नाताळ वसाहतीनं तसाच कायदा 1897 मध्येच केला होता. ऑस्ट्रेलियानं 1901 मध्ये श्रुतलेखनाची परीक्षा आणली, पन्नास शब्दांची, अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेत. कातडीचा रंग कायद्यात लिहायची लाज वाटली, म्हणून भाषा लिहिली. केपचा अनुभव आणखी बोलका आहे. 1906 च्या कायद्यात यिडिश ही युरोपीय भाषा धरायची असं ठरलं, ती हिब्रू लिपीत लिहितात तरी. पूर्व युरोपातल्या ज्यूंना त्यामुळं वाट मिळाली याचा मला आनंदच आहे. पण मोडी किंवा उर्दू झरझर लिहिणारा, हिशेबात पक्का असलेला कोकणी दुकानदार अशिक्षित ठरला. पुढं 1913 मध्ये दक्षिण आफ्रिकेनं सगळ्या आशियाई लोकांना एकगठ्ठा नको असलेले स्थलांतरित ठरवायची तरतूद केली. मग तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी उपयोग नव्हता.

परीक्षा भाषेची होती, पण हेतू भाषेचा नव्हता. ज्यांना माणसं नको असतात ते परीक्षा कडक करतात, हवी असतात तेव्हा सैल करतात. मुलाच्या शिकण्याचा त्यात विचार नसतो. आजच्या व्हिसाच्या नियमांकडे बघताना हे डोक्यात ठेवा.

इंग्लंडात लग्न होऊन जाणाऱ्या मुलीला 29 नोव्हेंबर 2010 पासून बोलण्या-ऐकण्याची ए-वन, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागते. पुढं मुदतवाढीला ए-टू, कायमच्या वास्तव्याला बी-वन. लग्न लागलं तरी ती पास होईपर्यंत संसार सुरू होत नाही. कुशल कामगारांना आधी बी-वन पुरत होतं, 8 जानेवारी 2026 पासून नव्या अर्जदाराला बी-टू लागतं. ऑस्ट्रेलियानं 23 मार्च 2024 ला विद्यार्थ्यांचा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतला गुणांक साडेपाचवरून सहावर नेला आणि त्याच जुलैत व्हिसाची फी 710 डॉलरवरून 1600 केली. कॅनडानं 22 जानेवारी 2024 ला विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली, पस्तीस टक्के कपात जाहीर केली, आणि 8 नोव्हेंबरला ज्या झटपट योजनेसाठी मुलं आयईएलटीएसमध्ये सहा मिळवायला धडपडत होती ती योजनाच बंद केली. पंजाबात क्लासच्या क्लास ओस पडले. ज्यांनी घराची जमीन गहाण टाकून गुण मिळवले त्यांच्या हातात दोन वर्षं चालणारा एक कागद उरला. हो, दोनच वर्षं. इंग्रजी त्या मुदतीनंतरही येत असतं, गुणपत्रिका मात्र शिळी होते.

या परीक्षेचा धंदा केवढा आहे ते बघा. 2021 साली ब्रिटिश कौन्सिलनं भारतातला आपला आयईएलटीएसचा व्यवसाय आयडीपी या ऑस्ट्रेलियन कंपनीला 13 कोटी पौंडांना विकला. जून 2025 मध्ये त्याच कंपनीच्या शेअरचा भाव एका दिवसात जवळपास निम्म्यावर आला, कारण देशोदेशीच्या सरकारांनी विद्यार्थ्यांचे दरवाजे आवळले. इतकी घट्ट गाठ आहे: मंत्री एक ओळ बदलतो, सिडनीच्या बाजारात शेअर कोसळतो, लुधियान्यातला क्लास बंद पडतो. शिकवण्याचा धंदा करणाऱ्यांचं पोट व्हिसावर अवलंबून असतं, म्हणून ते व्हिसापुरतंच शिकवतात. आलेख वर्णन करायचे ठरलेले साचे, निबंधाची पाठ केलेली सुरुवात, बोलताना अडखळलं तर वापरायची चार वाक्यं. त्यातून सहा गुण मिळतात. तिथं पोचल्यावर घरमालकाशी भांडता येत नाही.

आयईएलटीएसची एका वेळची फी 17,000 रुपयांच्या पुढं गेलेली आहे. आणि महाराष्ट्रात प्राथमिक शिक्षणसेवकाला महिन्याला मिळतात 16,000. ते सुद्धा 2023 पासून. त्याआधी सहा हजार मिळत. तीन वर्षं तो या मानधनावर काम करतो. पहिलीपासून इंग्रजी शिकवायचं काम त्याचं. म्हणजे मुलाला इंग्रजी येतं का हे एकदा तपासायला आपण जेवढे मोजतो, त्याहून कमी पैशात ते महिनाभर शिकवणारा माणूस ठेवतो.

आता घरचं धोरण. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीवर गेलं. जानेवारी 1954 मध्ये सरकारनं हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाची नसलेली मुलं सोडून इतरांना घेऊ नये. देवळालीच्या बार्न्स शाळेचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी मेमध्ये न्यायालयानं तो हुकूम रद्द ठरवला. त्याच्या पन्नास वर्षं आधी केपनं भाषा दाखवून माणसं अडवली होती. इथं आपल्याच सरकारनं जन्म दाखवून भाषा अडवली. देशी भाषांचं शिक्षण वाढावं ही इच्छा खरी असेल. पण वाट अडवून भाषा वाढत नाही, आणि अडवलेल्या वाटेवरून पैसेवाले नेहमीच आडमार्गानं जातात. गावातलं पोर तेवढं मागं राहतं.

मग इंग्रजी पाचवीपासून झालं. 2000 साली प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून झालं. त्या निर्णयाचं मी आजही स्वागत करतो. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाइतक्याच लवकर सुरुवात मिळायला हवी, हा त्यामागचा विचार बरोबरच होता. चूक झाली ती नंतर. ज्यांनी स्वतः पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी गिरवली, पुढं डीएड झाले आणि गणितापासून परिसर अभ्यासापर्यंत सगळंच शिकवतात, त्यांच्या हातात पहिलीचं इंग्रजी दिलं. जोडीला काही दिवसांची प्रशिक्षणं. इंग्रजीची कविता म्हणवून घ्यायची, चित्रावर बोट ठेवून शब्द म्हणवून घ्यायचा, इथवर बहुतेक शाळा आल्या आणि थांबल्या. असरच्या 2022 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्साच साधी इंग्रजी वाक्यं वाचू शकला. 2016 मध्येही तेवढाच वाचत होता.

पट टिकवायला मग सेमी इंग्रजी आलं. मराठी शाळेत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. इंग्रजी माध्यमाची पिवळी बस वाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहायला लागल्यावर शाळेनं दुसरं काय करायचं? पण इंग्रजी हा विषय ज्याला धड शिकवता येत नाही त्यानं अपूर्णांक इंग्रजीतून शिकवायचे, यात मुलाचं गणितही जातं. पट घटला की शिक्षक कमी होतो. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या निर्णयानं छोट्या शाळांवर तीच टांगती तलवार ठेवली. किनाऱ्याच्या डोंगराळ बाजूला वाड्या विखुरलेल्या आहेत, शाळांचे पट छोटेच राहणार. तिथं एक किंवा दोन गुरुजी, चार-पाच इयत्ता आणि सगळे विषय.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असं सांगितलं. मला ते पटतं. ज्याचं पहिल्या भाषेतलं वाचन पक्कं असतं तो दुसरी भाषा लवकर उचलतो, हे वर्गात रोज दिसतं. पण त्या धोरणाचं महाराष्ट्रात काय झालं? 16 एप्रिल 2025 ला पहिलीपासून हिंदीची सक्ती आली. 17 जूनला शब्द बदलून पुन्हा आली. 29 जूनला दोन्ही शासन निर्णय मागं घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली. 5 जुलैला वरळीत विजयाची सभा झाली. सक्ती गेली हे उत्तम झालं, सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर तिसरी भाषा लादायचं काही कारण नव्हतं. परंतु त्या अडीच महिन्यांच्या रणधुमाळीत पहिली भाषा नीट वाचता येते का आणि दुसरी कोण शिकवतं, हे प्रश्न मला एकाही व्यासपीठावरून ऐकू आले नाहीत. तिसऱ्या भाषेवर महाराष्ट्र रस्त्यावर येतो. दुसऱ्या भाषेला शिक्षक नाही यावर ग्रामसभेतही कुणी उठून बोलत नाही.

कुणी म्हणेल, ज्या गावात शके 982 मधला, म्हणजे 1060 सालचा मराठी ताम्रपट मिळाला, मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत ज्याची गणना होते, त्या दिवेआगरात बसून हा माणूस इंग्रजीसाठी का भांडतोय? कारण मराठी शाळा टिकायची असेल तर तिथं इंग्रजी उत्तम शिकवलं गेलं पाहिजे. पालक मराठीला कंटाळून मूल हलवत नाहीत. इंग्रजी येणार नाही या भीतीनं हलवतात. ती भीती घालवा, मूल गावातल्या शाळेत राहील. अभिजात दर्जा ऑक्टोबर 2024 मध्ये मिळाला, त्यानं एकाही शाळेचा पट वाढलेला नाही.

सरकारला भाषा शिकवणं जमत नाही असं नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक. जर्मनीला जर्मन येणारी माणसं हवी होती, तेव्हा आपल्या शालेय शिक्षण विभागानं ती भाषा शिकवायची जबाबदारी अंगावर घेतली, जर्मन शिकवू इच्छिणाऱ्या शिक्षकांची नोंदणी सुद्धा केली. त्या योजनेची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय आहे. तत्त्व मात्र मला महत्त्वाचं वाटतं. माणूस परदेशी पाठवायचा असेल तर त्याला लागणारी भाषा शिकवायचा खर्च पाठवणाऱ्या सरकारनं करायचा, हे महाराष्ट्रानं लेखी कबूल केलं.

मग जर्मनीला जाणाऱ्यासाठी जे कबूल केलं ते गल्फला जाणाऱ्यासाठी का नाही? पन्नास वर्षं या किनाऱ्यावरून माणसं जातायत. त्यांच्या पैशावर घरं उभी राहिली, मशिदी आणि देवळं दुरुस्त झाली, मुलींची लग्नं झाली, निसर्ग वादळानंतर कौलं परत चढली. त्यांच्यासाठी सरकारनं भाषेचा एक तास कधी लावलेला मी पाहिला नाही. जर्मनीची गरज होती म्हणून वर्ग निघाले. आपल्या माणसाची गरज होती तेव्हा निघाले नाहीत. शिकवण्याचा निर्णय आपण आजही समोरच्या देशाच्या मागणीवर घेतो, 1902 च्या कोकण्यासारखाच.

मी जे मागतोय त्याला नवं धोरण लागत नाही. श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांतल्या प्रत्येक केंद्राला इंग्रजीचा एक पूर्णवेळ शिक्षक द्या, जो केंद्रातल्या शाळांमधून फिरेल, मुलांना बोलतं करील आणि तिथल्या गुरुजींनाही सोबत शिकवील. गुरुजींना शिकायची इच्छा आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या साथीनं राज्यात ‘तेजस’ प्रकल्प चालला तेव्हा शिक्षक गट करून जमत, एकमेकांचे पाठ बघत, इंग्रजीत बोलायचा सराव करत. मुदत संपली की असे प्रकल्प संपतात. पगारी नेमणूक संपत नाही, म्हणून नेमणूक मागतोय. मानधनावर नाही, पगारावर.

तोंडीचे वीस गुण राहू द्यात, पण शेजारच्या शाळेतल्या शिक्षकानं येऊन घेऊ द्यात. पहिल्या वर्षी निकाल पडेल. पडू दे. 2019 सारखं घाबरून वर्षभरात मागं फिरू नका. पडलेल्या मुलांना पुरवणी परीक्षेपर्यंत रोज एक तास बोलतं करा.

आणि नववीच्या वर्गात नोकरीचा एक खरा करार वाचून घ्या. नावं खोडून. बोर्लीत, म्हसळ्यात, श्रीवर्धनात जुने करार पेट्यांत पडलेले आहेत, मागितले तर लोक आनंदानं देतील. परत आलेले चाचा वर्गात येऊन प्रत्येक कलमाची किंमत त्यांनी किती मोजली तेही सांगतील. मूळ पगार, भत्ता, कामाचे तास, आजारपणाची रजा, पासपोर्ट कुणाच्या ताब्यात, घरी जायचं तिकीट. सहा कलमं, सहा तासिका. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्याला हे एका पत्रानं सुरू करता येतं, मंत्रालयाकडे बघायची गरज नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडताना ते पत्र निघावं, अशी मागणी मी या सदरातून करतो आहे, आणि निघेपर्यंत करत राहणार आहे.